तोंडओळखीची माणसं

मंगळवार, रात्री

आज पुन्हा तोच वाद. 'सोशल मीडियाचा एवढा वैताग येतो तर सोडून दे की, कोणी बांधून ठेवलंय?' उत्तर द्यायला गेलं की ठरलेली कारणं तोंडावर येतात. ॲझा रास्किन या डिझायनरने २००६ मध्ये कितीही खाली सरकवलं तरी न संपणारं पान रचलं (आणि पुढे त्यालाच त्याचा पश्चात्ताप झाला), २००९ मध्ये फेसबुकवर लाइकचं बटण आलं. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगातल्या पेटीतली कबुतरं दाणा कधी पडेल याचा भरवसा नसला की जास्तच नेटाने चोच मारायची, आपणही तेच करतो. सगळं खरं. पण यातून आपण तासभर का चिकटतो एवढंच कळतं. वर्षानुवर्षं का टिकतो, ते नाही.

मला वाटतं, आपल्याला धरून ठेवतात ती तोंडओळखीची माणसं. जवळच्यांची काळजी नाही, त्यांना फोन लावता येतो. पण मागच्या बाकावरचा तो मुलगा? शाळेत असताना त्याच्याशी धड बोलले नव्हते. आज मात्र त्याच्या मुलीने पोहताना पहिल्यांदा नाक न धरता बुडी मारली, हे मला माहीत आहे. फोटोत तिचे डोळे गच्च मिटलेले, गाल फुगलेले. मी एक बदाम टाकला. त्याला फोन मी जन्मात करणार नाही. करून बोलणार काय? खातं बंद केलं तर ही अख्खी माणसं पुसली जातील, आणि तसं झाल्याचं त्यांना कळणारही नाही. (हे दुसरं जास्त लागतं, खोटं कशाला बोलू.)

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ मध्येच दाखवून दिलं होतं, की नोकरीची खबर बऱ्याचदा अशा लांबच्या ओळखीतूनच लागते. म्हणजे हा नुसता हळवेपणाही नाही.

साइटवर तर आपला जीव नसतोच. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, तेव्हा कितीजण रडले? माणसं आधीच फेसबुकवर गेली होती, त्यांच्यामागून आपणही गेलो.

कंपन्यांनी हे बरोबर ओळखलं. खातं बंद करायला गेलं की फेसबुक आपल्या सोयीसुविधांची जाहिरात करत बसायचं नाही. यादीतल्या चारदोघांचे हसरे फोटो समोर ठेवायचं आणि म्हणायचं, यांना तुमची आठवण येईल. त्यांना येईल की नाही, देव जाणे. मला येईल, हे मात्र फेसबुकने अचूक हेरलं होतं.