बारा अठ्ठावीसची वाट

उज्जैनला जायचं ते 21 जूनलाच, हा आईचा हट्ट. त्या दिवशी कर्कवृत्ताजवळ भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली क्षणभर नाहीशी होते, ते तिला पाहायचं होतं. शाळेत भूगोल शिकवताना फळ्यावर कर्कवृत्ताची तुटक रेघ तिने वर्षानुवर्षं ओढली, पण त्या रेघेजवळ त्या दिवशी कधी उभी राहिली नव्हती. पुणे ते इंदूर रात्रभराची बस, पुढे टॅक्सी. महाकालाचं दर्शन आदल्या दिवशी झालं; त्या रेटारेटीबद्दल लिहावंसं वाटत नाही.

जयपूरच्या सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली इथली वेधशाळा पुढे मोडकळीला आली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी 1923 मध्ये ती दुरुस्त करून घेतली आणि कारभार गोविंद सदाशिव आपट्यांकडे आला. आईला या दोन्ही मराठी नावांचं फार अप्रूप वाटलं.

आम्ही शंकुयंत्राशी जागा धरली. गोल ओटा, मधोमध उभा शंकू. बरोबर बारा वाजता सगळे मोबाइल वर झाले. सावली मात्र तिथेच, पश्चिमेला चांगली चार बोटं. "कुछ नहीं होता," म्हणत एक मोठा घोळका निघूनही गेला. मला चुटपुट लागली. इतक्या लांबून यायचं, रांग लावायची आणि अर्ध्या तासासाठी हुकायचं! खरी वेळ सांगणारा एक फलक तरी गेटवर हवा होता.

शेजारची दोन मुलंही उठायला लागली. आईने त्यांना हाताला धरून बसवलं आणि तिच्या मोडक्या हिंदीत सुरू झाली. आपलं देशभरचं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी अंश रेखांशावरच्या वेळेने. उज्जैन त्याच्या पावणेसात अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे झाली सत्तावीस. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, म्हणून जूनअखेरीस सूर्य घड्याळामागे दीड-दोन मिनिटं रेंगाळतो. तेव्हा बारा अठ्ठावीस!

"आज सूर्य सर्वांत जवळ असतो ना?" त्यातल्या मोठ्याने विचारलं. नाही रे बाळा, आई म्हणाली, जवळ असतो तो जानेवारीत, 14.7 कोटी किलोमीटरवर. आता जुलैच्या सुरुवातीला तर 15.2 कोटींवर जाईल. उन्हाळा होतो तो साडेतेवीस अंशांच्या कलण्यामुळे. हे सांगताना तिचा हात हवेतच फळा असल्यासारखा फिरत होता. निवृत्तीनंतर तो तसा फिरलेला मी पाहिला नव्हता. माझा गळा दाटून आला.

बारा वीसला ढग आला. ओट्यावर नुसता करडा उजेड. आई काहीच बोलेना. सव्वीसला ढगाची कड फाटली आणि सावली दिसली ती अगदी बुंध्याशी, नखाएवढी. मग तीही बुंध्यात शिरली. माझ्या चपलांच्या कडेलाही सावली उरली नव्हती. उज्जैन कर्कवृत्ताच्या पाव अंश दक्षिणेला आहे, म्हणजे सूर्याचा मध्य डोक्याच्या किंचित उत्तरेला. पण सूर्याची चकतीच अर्ध्या अंशाची, त्यामुळे तिची कड नेमकी माथ्यावर येते. हे आईनेच सांगितलं, अगदी हळू आवाजात.

टाळ्या झाल्या, गर्दी पांगली. आई मात्र उठेना. ती मुलंही उठली नाहीत. आठ-दहा मिनिटांनी शंकूच्या पूर्वेला बोटाच्या रुंदीएवढी सावली बाहेर आली, आणि धाकट्याने तिच्यावर आपलं बोट ठेवलं.