ओहायोतलं खुराडं

आमच्या साक्री तालुक्यात कोंबड्यांसाठी कुणी बांधकाम काढल्याचं मी लहानपणी कधी पाहिलं नाही. दिवस मावळला की आई ज्वारीचे चार दाणे टाकायची, कोंबड्या जमल्या की डालगं पालथं घालायची आणि वर धोंडा ठेवायची. झाला बंदोबस्त. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे आपण सगळे घोकतो. पण झाकायचं कशाला, तर मुंगूस आणि रानमांजरामुळे, एवढं साधं कारण त्या म्हणीत कुठे येत नाही.

डालग्याच्या या भरवशावर मी 2025च्या एप्रिलमध्ये इथे अमेरिकेत, ओहायोत सहा पिल्लं आणली. बर्ड फ्लूमुळे अंडी कडाडली होती. मार्चमध्ये डझनाचा देशभरातला सरासरी भाव 6.23 डॉलरवर गेला होता. बर्ड फ्लू हा शब्द मला नवा नव्हता. 2006च्या फेब्रुवारीत देशात पहिल्यांदा तो सापडला तो आमच्या शेजारच्या नवापूरला. आमचं गाव त्या टापूच्या बाहेर, तरी आईची अंडी महिनाभर कुणी फुकट घेईना. इथे उलटं. लोक अंड्यांपायी परसात कोंबड्या पाळायला निघाले होते, त्यात मीही. आमच्या वस्तीत सहा कोंबड्या चालतात, कोंबडा चालत नाही. आरवण्याची तक्रार होते.

रात्री झोपायला लाकडी खुराडं विकत घेतलं आणि दिवसा फिरायला पुढे जाळीचं अंगण केलं. जाळी आणली ती षटकोनी भोकांची, बारीक तारेची. तिला इथे नावच कोंबडीची जाळी असं आहे, मग शंका कोण घेणार? स्टेपलरने लाकडाला ठोकली, दाराला घराच्या खिडकीला असतो तसा आकडा लावला. जूनमध्ये उकाडा वाढला म्हणून एका रात्री खुराड्याचं दार उघडं ठेवलं. सकाळी तीन कोंबड्या गेलेल्या. जाळी फाडली होती, अगदी जुनं पोतं फाडावं तशी.

रॅकून. डोळ्यांवर काळी पट्टी, कुत्र्याएवढा नाही पण मांजरापेक्षा दांडगा, आणि पुढचे पंजे म्हणजे सरळ हातच. पाच बोटं. उरलेल्या तिघींना खुराड्यात कोंडून मी जाळी दुरुस्त केली, तर दुसऱ्या रात्री त्याने अंगणाचा आकडा उचलून दार उघडलं. आत काही मिळालं नाही, पण सकाळी ते उघडं दार बघून मला घाम फुटला. मुंगसाला हे जमलं असतं का, असं आईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, मुंगूस पाहुण्यासारखं कडी काढून येत नाही.

शेजारचे आजोबा ती फाटकी जाळी बोटात धरून म्हणाले, ही कोंबड्या आत ठेवायला असते, बाकीच्यांना बाहेर ठेवायला नसते. दोन्ही कामं एकाच जाळीची, असं मी धरून चालले होते. बाहेरच्यांना अडवणारी वेगळी: अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची, सांधे डाग देऊन पक्के केलेली, 19 गेज जाडीच्या तारेची. तिला इथे हार्डवेअर क्लॉथ म्हणतात, म्हणजे कापड! किंमत मात्र पैठणीच्या थाटात. चार फूट रुंद, पन्नास फूट लांब रोल मला 80 डॉलरच्या आसपास पडला. जाळीचं काम या एकाच रोलवर भागवायचं असं ठरवलं आणि कागदावर गणित मांडलं.

सांगाड्यासाठी गुरांच्या कुंपणाच्या जाड सळयांच्या जाळीचे दोन तुकडे घेतले, प्रत्येकी सोळा फूट लांब आणि पन्नास इंच रुंद. ते कमानीसारखे वाकवून आठ फुटांच्या अंतरात रोवले की मधोमध सहा फुटांच्या आसपास उंची मिळते, वाकून शिरावं लागत नाही. दोन कमानी शेजारी शेजारी, म्हणजे आत साधारण सहासष्ट चौरस फूट. कोंबडीमागे दहा चौरस फूट धरले तर सहा जणींना नेमकं पुरतं. खालची चौकट माल ठेवायच्या फुकटच्या लाकडी पॅलेटच्या फळ्यांची. फळीवर एचटी शिक्का बघून घ्यायचा, म्हणजे ती उष्णतेने निर्जंतुक केलेली असते. एमबी असेल तर विषारी धुरी दिलेली, ती नको.

आता रोल. कमानीच्या चारी बाजूंनी खालचे चार फूट झाकायला तेहतीस फूट लागले. उरले सतरा. ते उभे मधोमध कापले की दोन फूट रुंदीची चौतीस फूट पट्टी होते. ही पट्टी जमिनीत गाडायची नाही. जाळीच्या बुडाला तारेने शिवून बाहेरच्या अंगाने जमिनीवर आडवी पसरायची आणि वर दगड ठेवायचे. उकरणारं जनावर कुंपणाला नाक लावून तिथेच नखं मारायला लागतं, आणि तिथे खाली जाळी. दोन फूट मागे सरून बोगदा काढावा हे बहुतेकांना सुचत नाही. चर खोदायची मेहनत वाचली. चार कोपऱ्यांना तुकडे कमी पडले, तिथे फरशा दाबल्या. वरच्या भागावर तीच मूर्ख जाळी टाकली. रात्री कोंबड्या खुराड्यात बंद, त्यामुळे वरून फक्त दिवसाच्या ससाण्याला अडवायचं असतं, तेवढं तिला जमतं. ससाण्याला मारणं इथे गुन्हाच आहे. तसं आपल्याकडे मुंगसालाही 1972च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, हे गावात किती जणांना माहीत आहे कोण जाणे.

या वेळी स्टेपल नाहीत, स्क्रू आणि रुंद वायसर. दाराला दोन कड्या, त्यातल्या एकीत गिर्यारोहक वापरतात तसा स्प्रिंगचा हूक. सगळं मिळून 200 डॉलरच्या आतबाहेर. अंडी स्वस्त पडली का, हे कृपया कुणी विचारू नका.

आईला व्हिडिओवर दाखवलं तर तिचा अहिराणीत पहिला प्रश्न, "कोंबडीस्करता बंगला बांधी राहिनी का वं माय?" पण नंतर स्वतःच म्हणाली, कांदाचाळीचा मोडका सांगाडा पडून आहे, त्याचं असं काही होईल का. डिसेंबरात घरी गेले तेव्हा तेच केलं. दुकानात कोंबडीची जाळी मागितली असती तर तिकडेही षटकोनीच मिळाली असती, म्हणून अर्धा इंची वेल्डमेश असं नाव घेऊन मागितली. मुंगूस सडपातळ, इंच-दोन इंचांच्या फटीवर विश्वास ठेवू नका. वर मात्र पत्रा टाकू दिला नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, पत्र्याखाली कोंबड्या भाजून निघतील. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाड थर दिला, दोन बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवल्या. खुडूक कोंबडीला आई अजून डालग्याखालीच बसवते, वर धोंडा ठेवून. त्यात मी पडले नाही.

परत आले तेव्हा इथे ताजा बर्फ पडला होता. आडव्या जाळीवरून पावलं पूर्ण फेरी मारून आली होती, आणि दाराजवळ, हुकाच्या बरोबर खाली, बर्फ तुडवून काढला होता. पाच बोटांचे ठसे स्वच्छ उमटलेले. फोटो आईला पाठवला. तिने मोठा करून पाहिला असावा, कारण फोन यायला वेळ लागला.

"लहान पोऱ्याना हात शेतस का वं?"