पाणमोट लवकर फुटली तर: तुम्ही विचारलंत म्हणून

“सातव्या महिन्यातच पाणी गेलं. नारळपाणी भरपूर प्यायलं आणि पाय उंच करून पडून राहिलं, तर ते परत भरून येईल का?” गरोदर बायका, त्यांच्या आया, नवरे, सगळे हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

गर्भजल, म्हणजे पाणमोटेच्या पिशवीत बाळाभोवती असलेलं पाणी, हा एकदाच भरून ठेवलेला साठा नव्हे. साधारण चौथा महिना उलटला की ते मुख्यतः बाळाच्या लघवीतून तयार होतं. बाळ ते गिळतं आणि पुन्हा लघवी करतं. त्यामुळे पाणमोटेला छिद्र पडलं तरी आत नवं पाणी तयार होतच राहतं आणि खालून गळत राहतं. पाणी कमी झालं म्हणून बाळ गुदमरत नाही, कारण त्याला प्राणवायू वारेतून नाळेवाटे मिळतो. तहान लागेल तसं पाणी प्या, नारळपाणीही प्या, पण त्याने छिद्र बुजत नाही. गर्भजलाची सुई टोचून तपासणी केल्यावर गळती लागली, तर ती बऱ्याचदा आपोआप थांबते. आपणहून फुटलेली पाणमोट मात्र क्वचितच सांधते.

खरी भीती तीन गोष्टींची: आत जंतू शिरणं, नाळ दबणं किंवा खाली घसरणं, आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्माला येणं. ३७ आठवड्यांच्या आत, कळा सुरू होण्याआधी पाणी गेलं, तर निम्म्या किंवा त्याहून जास्त बायका आठवडाभरात बाळंत होतात. म्हणून सारी धडपड दिवस मिळवण्याची असते, आणि मिळालेला प्रत्येक दिवस जंतुसंसर्गावर नजर ठेवून काढायचा असतो.

शंका आली की आधी स्वच्छ पांढरा पॅड लावा आणि वेळ लिहून ठेवा. लघवीला वास असतो, पांढरं जाणं दाटसर असतं. गर्भजल बहुधा पातळ, फिकट असतं आणि रोखू म्हटलं तरी थांबत नाही. पडून राहून उठल्यावर एकदम ओघळ आला, तर शंका आणखी बळावते. पण घरी खात्री करत बसू नका, त्याच दिवशी, त्याच वेळी दवाखाना गाठा. पॅड सोबत न्या, रंग पाहूनच डॉक्टरांना बरंच कळतं. हिरवट, रक्तमिश्रित किंवा दुर्गंधी असलेलं पाणी असेल तर क्षणभरही थांबू नका. आत बोट, कापूस, तेल, तूप काहीही घालायचं नाही. शरीरसंबंध पूर्ण बंद. योनीमार्गातून दोरीसारखं काही बाहेर आलेलं दिसलं किंवा लागलं, तर ती नाळ असू शकते. तिला हात न लावता गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून, कंबर उंच ठेवून ओणवं व्हा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.

दवाखान्यात निर्जंतुक उपकरणाने योनीमार्ग उघडून पाणी साचलंय का ते पाहतात. बोटाने आतली तपासणी मात्र कळा नसताना टाळायची असते, कारण प्रत्येक वेळी जंतू वर ढकलले जातात आणि प्रसूती लवकर होण्याची शक्यता वाढते. कुणी पुन्हा पुन्हा बोटाने तपासायला आलं, तर “कळा नाहीत, गरज आहे का?” असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पाणी गेल्याची खात्री करायला रंग बदलणारा कागदही वापरतात, पण रक्त किंवा वीर्य असलं तर तो फसवतो.

आता औषधं. अँटिबायोटिकने पाणमोट शिवली जात नाही, पण प्रसूती काही दिवस लांबते आणि संसर्ग कमी होतो. एरिथ्रोमायसिन २५० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, १० दिवस, ही एक प्रचलित पद्धत आहे. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल एकत्र असलेली गोळी मात्र इथे टाळतात. २००१ च्या एका मोठ्या चाचणीत ती घेतलेल्या आयांच्या बाळांमध्ये आतड्याचा गंभीर आजार जास्त दिसला. घरात उरलेली ती गोळी अशा वेळी घेऊ नका. बाळाच्या फुप्फुसांसाठी २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान डेक्सामेथासोनच्या ६ मिलिग्रॅमच्या चार सुया, दर १२ तासांनी, देतात. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर चढते, म्हणून ती वारंवार तपासायला हवी. या सुयांनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशीही वाढतात, त्यामुळे त्या एका आकड्यावरून संसर्ग ठरवू नये. ३२ आठवड्यांच्या आत प्रसूती जवळ आली असेल, तर बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात.

त्यानंतर वाट पाहणं. हे सगळ्यांत अवघड असतं आणि यातच आईचा सर्वांत मोठा वाटा असतो. पहिले काही दिवस रुग्णालयातच राहा, आणि नवजात अतिदक्षता कक्ष असलेलं रुग्णालय निवडा. बाळाला जन्मानंतर हलवण्यापेक्षा पोटात असताना हलवणं केव्हाही सुरक्षित. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइटच्या) वर, नाडी मिनिटाला १०० च्या वर, पोट दाबलं की दुखणं, पाण्याला वास, बाळाचे ठोके १६० च्या वर, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच सांगा. अंग कणकणतंय म्हणून आधी पॅरासिटामॉल घेऊ नका, आधी थर्मामीटर लावा. दिवसभर बिछान्यावर पडून राहिल्याने पाणी टिकतं असं सिद्ध झालेलं नाही. उलट पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. वॉर्डात हळूहळू चालणं, पडल्या पडल्या घोटे वरखाली करणं चांगलं.

चौतिसाव्या आठवड्यानंतर प्रसूती करवायची की ३७ पर्यंत थांबायचं, हा डॉक्टरांनी आणि तुम्ही मिळून घ्यायचा निर्णय. संसर्गाची चिन्हं असतील तर मात्र आठवडे पाहायचे नाहीत.

पाणी फार लवकर, चोविसाव्या आठवड्याच्याही आत गेलं, तर गोष्ट कठीण आहे, आणि ती लपवू नये असं मला ठामपणे वाटतं. त्या काळात बाळाची फुप्फुसं घडायला आजूबाजूचं पाणी लागतं, ते फार दिवस कमी राहिलं तर ती अपुरी राहतात. दुसरीकडे आईला संसर्ग झपाट्याने होऊ शकतो. बेळगावचं माहेर असलेल्या सविता हलप्पनवार २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये १७ आठवड्यांच्या गरोदर असताना त्यांची पाणमोट फुटली. त्यांनी गर्भपाताची मागणी केली होती. ती नाकारली गेली आणि रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने आठवडाभरातच त्या गेल्या. नंतरच्या चौकशीत त्यांच्यावरची देखरेख अपुरी ठरली. भारतात आईचा जीव वाचवण्यासाठी गर्भ तातडीने काढावा लागला, तर कायद्यातली आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. हे घरच्यांनाही माहीत असू द्या.

“जड उचललं म्हणून झालं का, प्रवास केला म्हणून का” असं सासरी विचारतात. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. सापडलं तर ते जंतुसंसर्ग, गर्भपिशवीचं तोंड आखूड असणं, जुळं, गरोदरपणातला रक्तस्राव, आधीची अपुऱ्या दिवसांची प्रसूती, तंबाखू यांपैकी असतं. सिगारेटशी याचा संबंध पक्का आहे, आणि मिश्रीही तंबाखूच आहे. पुढच्या खेपेला पहिल्याच भेटीत “मागच्या वेळी पाणी लवकर गेलं होतं” हे सांगा, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी १६ ते २४ आठवड्यांदरम्यान आतून सोनोग्राफी करून मोजता येते आणि त्या तोंडाला टाका किंवा प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकायला मदत करणारं संप्रेरक) लागेल का ते वेळेत ठरवता येतं.