माहेरची वाटी

ती बाई काउंटरवर आली तेव्हा तिचा उजवा हात गळ्यावर होता. तिनं तोंड उघडायच्या आधीच मी ओळखलं. मोबाइल हरवलेला माणूस खिसे चाचपत येतो, गाडीची किल्ली हरवलेला बायकोकडे बघत येतो. सोनं गेलेली बाई मात्र ते जिथं होतं ती जागा हातानं झाकून येते.

मी आमच्या वॉटर पार्कात अकरा वर्षं लॉकर काउंटरवर आहे. हरवलं-सापडलंचं रजिस्टर सहा वर्षांपासून माझ्याकडे आहे. मे महिन्यातला रविवार होता, म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी. सकाळी अकरालाच सगळे लॉकर भरले होते.

ही साताऱ्याकडची मंडळी होती. तीन भाऊ, तिघांच्या बायका, सहा पोरं आणि सासूबाई. सकाळी त्यांना लॉकर मीच दिला होता, म्हणून चांगलं लक्षात होतं. पैसे, मोबाइल, पुरुषांची घड्याळं, दोघींच्या बांगड्या आणि कानातलं हे सगळं त्यांनी नीट पिशवीत बांधून आत ठेवलं. किल्लीचा रबरी पट्टा थोरल्या भावाच्या मनगटात अडकवला. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "वहिनी, गळ्यातलंही काढून ठेवा." त्या हसल्या आणि पदर सारखा केला. बाकीचं सामान घेऊन सासूबाई झाडाखाली बसल्या. अशी आजी आमच्याकडे दर कुटुंबामागे एक असते. दिवसभर पिशव्यांवर बसून राहते, पाण्याला जात नाही, बाथरूमलाही जात नाही, आणि तिच्या ताब्यातलं काही हरवल्याचं मी अकरा वर्षांत ऐकलेलं नाही.

मंगळसूत्र काढायला बायका का तयार होत नाहीत हे मला कोणी समजावून सांगायला नको, मीही घालते. म्हणून मी आता "काढा" एवढंच म्हणून थांबत नाही. बाहेरगावी पाण्यात खेळायला जायचं असेल तर सोन्याचं घरी ठेवा आणि नुसती काळी पोत घालून या, असं सांगते. तेही जमत नसेल तर निघायच्या आदल्या दिवशी फास्याची कडी आणि वाट्यांच्या कड्या सराफाकडून दाबून घ्या. भाड्याचे नायलॉनचे कपडे गळ्याशी घट्ट असतात, त्यांच्या शिवणीत तार अडकते. लाट अंगावर आली की कापड एकीकडे ओढलं जातं, तार दुसरीकडे. त्या वहिनींची कडी दिवाळीपासून सैल होती. त्यांना ते माहीत होतं, आणि तेच सांगताना त्यांना रडू फुटलं.

मी आधी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि कोरा कागद दिला. काय हरवलं त्याचं वर्णन मी नेहमी आधी लिहून घेते, तेही ज्याचं हरवलं त्याच्याच हातानं. माइकवरून घोषणा करताना वस्तूचं वर्णन कधीच देत नाही, "एक दागिना सापडल्यास काउंटरवर आणून द्यावा" एवढंच सांगते. सगळं वर्णन जाहीर केलं तर मागायला येणाऱ्याला विचारायला माझ्याकडे काही उरत नाही. वहिनींनी ओल्या हातानं लिहिलं: दोन पदरी काळे मणी, मध्ये सोन्याचे चार, दोन वाट्या. एक वाटी कडेला दबलेली. दबलेली माहेरची.

मग धाकट्या दिरांचा मोबाइल मागितला. तो त्यांनी प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालून गळ्यात अडकवला होता आणि दिवसभर फोटो काढले होते. हरवलेल्या वस्तूच्या शोधात फोटोइतका भरवशाचा साक्षीदार मला दुसरा भेटलेला नाही, कारण प्रत्येक फोटोला वेळ असते. 1 वाजून 12 मिनिटांनी जेवणाच्या टेबलावर मंगळसूत्र गळ्यात आहे. 2:40 ला घसरगुंडीच्या जिन्यात वहिनी मान वळवून हसताहेत, मणी स्पष्ट दिसतात. त्यानंतर लाटांच्या तलावातले फोटो, त्यात सगळ्यांच्या गळ्यापर्यंत पाणी. 3:31 ला काठावर, टॉवेल खांद्यावर, गळा मोकळा. पार्कात तीस ठिकाणी शोधायचं होतं, ते पाच मिनिटांत एका तलावावर आलं. घसरगुंडीखालचं पाणी गुडघाभरच, तिथं पोरांनी तरीही पाय फिरवून बघितलं. काही नव्हतं.

आता लाटांच्या तलावाबद्दल सांगायला हवं. काठाकडे तो पाऊलभर खोल असतो आणि समोरच्या भिंतीकडे उतरत जातो. त्या भिंतीमागच्या बंद खोल्यांमध्ये मोठे पंखे हवा कोंडतात, हवा पाण्याला ढकलते आणि लाट उठते. वरून बघणाऱ्याला पाणी काठाकडे येताना दिसतं, पण तळाशी ते परत खोल भागाकडे जात असतं. शुद्ध सोनं पाण्याच्या 19 पट जड, 22 कॅरेटचंही फार मागे नाही. त्यामुळे दागिना पडला की तरंगत नाही, वाहत काठालाही लागत नाही. तो बुडतो आणि उतारावरून सरकत सरकत भिंतीजवळच्या जाळ्यांकडे जातो. आमच्या लाइफगार्ड पोरांना हे अनुभवानं पाठ आहे. तिथून पाणी पंपाकडे ओढलं जातं. पंपाच्या आधी स्ट्रेनरची बास्केट असते, त्यात केस, पट्ट्या, रबरं, हेअरपिना अडकतात.

मी मॅनेजरसाहेबांना दहा मिनिटं तलाव रिकामा करायची विनंती केली. ते नाही म्हणाले. पाण्यात शेकडो माणसं होती, बाहेर आणखी रांगेत होती. मला राग आला आणि तो मी दाखवलाही. त्यांची अडचण मला कळते, पण त्या दहा मिनिटांत ते सगळंच्या सगळं मिळालं असतं असं मला आजही वाटतं. लाटा सुरू राहिल्या. शेवटी तलाव पंधरा मिनिटं आधी बंद करायला ते तयार झाले.

तोवर दोन तास होते. त्या दोन तासांत काउंटरवर नेहमीची कामंही सुरूच होती. पुण्याच्या एका मुलाचा मोबाइल रेन डान्समधून गेला होता. त्याला मी तिथंच आमच्या फोनवरून कंपनीला सांगून सिम बंद करायला लावलं, मग बँकेला. शोधाशोध त्यानंतर. हँडसेटपेक्षा त्यातल्या पैशांचं जास्त बघावं लागतं. खात्यातून काही गेल्याचं दिसलं तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच कळवायचं. पोलिसांत तक्रार दिली की तिच्या प्रतीवर केंद्र सरकारच्या 'संचार साथी'वरून हँडसेटही बंद करता येतो, 2023 पासून ही सोय देशभर आहे. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा क्रमांक, लागतो. तो स्टार-हॅश-झिरो-सिक्स-हॅश दाबलं की दिसतो, पण मोबाइल हातात असतानाच. त्या मुलानं तो कुठंच लिहून ठेवलेला नव्हता. घरी खोक्यावर असेल म्हणाला.

सासूबाईंना कळलं तेव्हा मला वाटलं आता बोल लावतील. त्या काही बोलल्या नाहीत. पिशव्या उचलून काउंटरशी आल्या आणि मला म्हणाल्या, "पोरी, इथं हळकुंड मिळंल का कुठं?" कँटीनमध्ये हळदीची पूड होती, हळकुंड नव्हतं. गेटबाहेरच्या किराणा दुकानातून आमच्या शिपायानं आणून दिलं. सासूबाईंनी पिशवीतून दोरा काढला, हळकुंड बांधलं आणि सुनेच्या गळ्यात घातलं. "आता रडू नको," म्हणाल्या. सून तेव्हा कुठं घोटभर चहा प्यायली.

पावणेसहाला भोंगा वाजला. लाटा थांबल्या, पाणी शांत झालं. चार लाइफगार्ड गॉगल लावून खोल भागात उतरले, हाताहाताच्या अंतरावर रांग धरून. तळावरून आलेल्या वस्तू मी ट्रेमध्ये मांडत गेले: दोन पैंजण, जोडवी, एक चष्मा, कारची किल्ली, बरीच नाणी. साडेसहाच्या सुमारास सगळ्यात धाकट्या पोराचा हात पाण्याबाहेर आला आणि त्यात काळे मणी चमकले. काठावर बसलेली सगळी मंडळी एकदम उभी राहिली.

दोन पदर, काळे मणी, दोन वाट्या. मॅनेजरसाहेब म्हणाले, "द्या त्यांना, झालं काम." ट्यूबलाइटच्या उजेडात, ओल्या हातावर, मीही ते पुढे केलंच होतं. वहिनींनी घेतलं. अंगठा एका वाटीवरून फिरवला, मग दुसऱ्या वाटीवरून. आणि माझ्या हातात परत ठेवलं.

"हे माझं नाही."

त्यांच्या नवऱ्यानंही वाकून बघितलं. ओल्यात नीट कळत नसेल, म्हणाला. त्या म्हणाल्या, "माझी एक वाटी आईनं तिच्या कुड्या मोडून केलीय. ती अशी नाही. हे कुणाचंतरी आहे." नंतर मी वजन केलं, तर हे त्यांच्यापेक्षा भारी होतं. त्या क्षणी त्यांनी ते गळ्यात घातलं असतं तर जगात कोणालाही कळलं नसतं. लिहून घेतलेला कागद माझ्या खिशातच होता आणि मी तो बघितलासुद्धा नव्हता. त्याबद्दल मला वाईट वाटतं.

अंधार पडेपर्यंत पोरं शोधत राहिली. मग ती मंडळी त्यांच्या गाडीनं निघाली, पोरं मागच्या सीटवर झोपलेली. मी पंपहाउसमध्ये जाऊन ऑपरेटरदादांना सांगितलं की सकाळी बास्केट रिकामी कराल तेव्हा कचरा टाकू नका, मी येते.

सोमवारी सातला आम्ही दोघं वर्तमानपत्रावर तो कचरा पसरून बसलो. केसांच्या गुंत्यातून अकरा काळे मणी आणि सोन्याचा एक मणी निघाला. वाट्या नव्हत्या.

राहिलं ते दुसरं मंगळसूत्र. मी रजिस्टर पंधरा दिवस मागं चाळलं, पण मंगळसूत्र हरवल्याची एकही नोंद नव्हती. 1872 च्या करार कायद्यानं सापडलेली वस्तू जवळ ठेवणाऱ्यावर ती सांभाळायची जबाबदारी असते. आम्हाला कामाला लागलो तेव्हाच हे शिकवलं होतं, आणि मौल्यवान वस्तू आम्ही पोलीस ठाण्यात जमा करतो. जमा करण्याआधी मी भिंगातून वाट्या बघितल्या. एका वाटीच्या मागे सहा अक्षरा-आकड्यांचा बारीक क्रमांक होता. 2021 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा एचयूआयडी येतो, आणि 1 एप्रिल 2023 पासून त्याच्याशिवाय हॉलमार्कचं सोनं दुकानात विकता येत नाही. बीआयएस ही हॉलमार्क ठरवणारी सरकारी संस्था, तिच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो घातला की शुद्धता, दागिन्याचा प्रकार आणि सराफाची नोंदणी दिसते. गिऱ्हाइकाचं नाव दिसत नाही, पण सराफ कळला तरी पुष्कळ झालं. हा निघाला कोल्हापूरच्या गुजरीतला, म्हणजे तिथल्या सराफ बाजारातला.

त्यांना फोन केला. भला माणूस होता, दुपारी बिलं शोधून परत फोन केला. मालकीण कागलजवळच्या एका गावातली. आदल्या गुरुवारी पोरांना घेऊन आमच्याकडे येऊन गेली होती. गळा मोकळा असल्याचं तिला परतताना स्वारगेटला लक्षात आलं, तेव्हा गर्दीत कुणीतरी मारलं असं धरून तिनं तिथं तक्रारही दिली होती. आम्हाला विचारावं असं तिच्या मनातच आलं नाही. चार दिवस ते मंगळसूत्र भिंतीजवळ पाण्याखाली पडून होतं आणि त्याच्या वरून हजारो माणसं लाटा खेळून गेली. पोलीस ठाण्यातून ते तिला रीतसर मिळालं. कोणामुळे मिळालं हे मी तिला सांगितलं. तिनं साताऱ्याच्या वहिनींचा नंबर मागितला. मी आधी वहिनींना विचारलं, मग दिला.

बुधवारी आमच्या तलावाच्या जाळ्या घासायला काढतात. मी काउंटरवर होते. धाकटा लाइफगार्ड ओल्या अंगानं पळत आला आणि मूठ उघडली. जाळीच्या चौकटीखालच्या खाचेत बसली होती म्हणाला. एकच वाटी, कडेला दबलेली.

मी लगेच फोन लावला. वहिनी शेतात होत्या, सासूबाईंनी हाक मारून बोलावलं. मी एवढंच सांगितलं की एक वाटी मिळाली आहे. बराच वेळ पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता.

"कुठली, ताई?"

"कडेला दबलेली आहे."

त्यांनी फोन सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाई म्हणाल्या, रविवारी येतो. सासरची वाटी आम्ही आमची नवी करू, पण ती तेवढी नीट ठेव पोरी, डबीत घालून ठेव.

मी ती डबीत घातली आणि डबी माझ्या लॉकरमध्ये ठेवली.