एका दमात चढाई

व्हॅन्क्विश हा व्हिडिओ गेम पहिल्यांदा खेळलो तेव्हा मला अजिबात आवडला नव्हता हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे काही वेड्यासारखं कौतुक करणार आहे ते वाचताना कोणी म्हणायला नको की हा पहिल्यापासूनच भक्त आहे.

२०११ ची दिवाळी, मिरजेला मामाकडे. मामेभावाकडे पीएस३, म्हणजे टीव्हीला जोडायचा प्लेस्टेशन ३, होता, आख्ख्या गल्लीत एकच, आणि त्याने कुठूनतरी सेकंडहँड डिस्क आणलेली. आम्ही नुकताच अनचार्टेड २ संपवलेला, त्यामुळे थर्ड पर्सन शूटर, म्हणजे हिरोला पाठीमागून बघत गोळ्या मारायचा गेम, काय असतो हे आम्हाला पक्कं माहीत होतं, म्हणजे तसं वाटत होतं. भिंत बघायची, भिंतीला चिकटायचं, डोकं वर काढून दोन गोळ्या मारायच्या, परत खाली. तेच इथे केलं. इथल्या हिरोच्या सूटला पाठीमागे जेट आहेत आणि एक बटण दाबलं की हा बाबा गुडघ्यांवर बसून ठिणग्या उडवत सुसाट घसरत जातो. आम्ही ते बटण एकाच कामाला वापरलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायला. थोडक्यात रिक्षा. मामी करंज्यांचा डबा ठेवायला आली, दोन मिनिटं उभी राहून बघितलं आणि म्हणाली, "अरे गुडघे फुटतील की त्याचे. आणि वर सिगरेट ओढतोय मेला." आम्ही हसलो, तेवढ्यात लाइट गेली, आणि लाइट आल्यावर आम्ही क्रिकेटचा गेम लावला. संपला विषय. भाऊ म्हणाला फालतू आहे, मी म्हणालो हो फालतू आहे.

आता जरा गेमबद्दल, ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी. २०१० साली आला, बनवला जपानच्या प्लॅटिनमगेम्सने, काढला सेगाने. स्टोरी म्हणाल तर रशियात एक कट्टर गट सत्ता बळकावतो, अमेरिकेची अंतराळात एक वसाहत असते ती ताब्यात घेतो, आणि तिथून मायक्रोवेव्हचा झोत सोडून सॅन फ्रान्सिस्को शहर भाजून काढतो. पुढचा नंबर न्यूयॉर्कचा. मग सॅम गिडियन नावाचा संशोधक, हो संशोधकच, स्वतः तो प्रयोगातला सूट घालून सैनिकांबरोबर वर जातो. बरोबर बर्न्स नावाचा एक लेफ्टनंट कर्नल, अर्धा माणूस अर्धी मशीन, हातात तोफेएवढी बंदूक, आणि सतत ओरडत असतो. डायलॉग इतके भडक आहेत की पहिल्यांदा वाटतं हे चुकून झालंय, मग तिसऱ्या सीनला लक्षात येतं की नाही, हे मुद्दाम आहे, आपल्याकडे सिंगल स्क्रीनला शिट्ट्या पडायच्या त्या जातीचं आहे. स्टोरीत एवढंच. शेवट तर अर्धवटच सोडलाय आणि दुसरा भाग आजपर्यंत आलेला नाही.

पण जागा बघायला पाहिजे ती. वसाहत म्हणजे एक प्रचंड नळकांडं, आपण आतल्या बाजूला उभे, जमीन दोन्ही बाजूंनी वर वर चढत जाते आणि मान वर केली की ढगांच्या पलीकडे आकाशाऐवजी दुसरं शहर उलटं लटकलेलं दिसतं. खाली युद्ध चाललंय आणि मी मूर्खासारखा मान वर करून बघत मेलोय, एकदा नाही.

तर २०१७. मे महिन्यात तो गेम कॉम्प्युटरवर आला, मी पुण्यात भाड्याच्या फ्लॅटवर, पुढे कधीतरी सेलमध्ये स्वस्तात दिसला म्हणून घेतला, खरं तर मिरजेच्या आठवणीनेच घेतला. परत तेच, भिंतीमागे बसून टुकटुक. परत कंटाळा. आणि मग एके ठिकाणी मी ज्या भिंतीमागे बसलो होतो ती भिंतच फुटली. समोर लाल डोळ्यांचे तीन रोबो, डावीकडून अजून दोन, आणि मी घाबरून बोटाला येतील ती बटणं दाबली, म्हणजे घसरायचं पण दाबलं आणि नेम धरायचं पण दाबलं. आणि सगळं मंद झालं. गोळ्या हवेत केशरी रेघांसारख्या तरंगतायत, सॅम जवळजवळ आडवा होऊन घसरतोय, ठिणग्या एकेक करून मोजता येतील अशा, आणि मला त्या तिघांची डोकी आरामात एकामागून एक दिसतायत. तिन्ही उडवली. त्या दोघांच्या मधून पलीकडे निघालो, वळून चौथा उडवला, आणि पाचव्यावर नेम धरणार तेवढ्यात सूट तापला, सूटची ताकद दाखवणारा मीटर लाल, वाफा सोडायला लागला, सगळं परत नॉर्मल स्पीडला आलं आणि सॅम एखाद्या साध्या माणसासारखा उघड्यावर उभा. पाचव्याने मला मारला.

मी कंट्रोलर खाली ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, "च्यायला, ही तर कबड्डी आहे."

हसू नका. शाळेत मी कबड्डीच्या ब संघात होतो, कायम कोपऱ्यात, पाय पकडायला. चढाईला मला कधी पाठवलंच नाही कारण माझा दम फार लवकर जायचा. पण बघून बघून चढाई काय असते ते मला माहीत आहे. दम धरून मध्यरेषा ओलांडायची, आणि तो दम आहे तोपर्यंत समोरच्या सात जणांत तू वाघ आहेस, वाटेल तिथे जा, वाटेल त्याला शिव. दम तुटला की त्याच क्षणी तू त्यांच्या अंगणात उभा असलेला एकटा पोरगा. म्हणजे सगळं कौशल्य किती जणांना मारलं यात नाही, परत रेषेपर्यंत यायला पुरेल एवढा दम शिल्लक ठेवण्यात आहे. व्हॅन्क्विशमधला तो मीटर म्हणजे शब्दशः दम. घसरलात की दम जातो, वेळ मंद केलीत की दम जातो, आणि रोबोला हाताने ठोसा मारलात, जो ठोसा दिसायला जबरदस्त आहे, तर एका फटक्यात सगळा दम खलास. तोंडाने कबड्डी कबड्डी म्हणायचं तेवढं बाकी ठेवलंय.

आणि भिंत म्हणजे मध्यरेषा. भिंतीमागून लढायचं नसतं, भिंतीमागे परत यायचं असतं, तीन-चार सेकंद, सूट थंड होईपर्यंत, की लगेच पुढची चढाई. मी आणि माझा भाऊ सहा वर्षं मध्यरेषेवर उभे राहून समोरच्याला शिव्या देत होतो आणि खेळ फालतू आहे म्हणत होतो.

यात गंमत अशी की हा गेम दिग्दर्शित केलाय शिंजी मिकामीने. रेसिडेंट ईव्हिल या भीतीच्या गेमवाला. त्याचा रेसिडेंट ईव्हिल ४ आला २००५ ला, त्यात कॅमेरा हिरोच्या खांद्यामागे आणून ठेवला आणि गोळी मारायची तर पाय रोवून उभंच राहायला लागायचं. तो कॅमेरा मग सगळ्यांनी उचलला, २००६ ला गिअर्स ऑफ वॉरने त्याला भिंत जोडली, आणि पुढची चार-पाच वर्षं दर दुसऱ्या गेममध्ये कंबरेएवढ्या भिंती आणि त्यामागे बसलेली टकली माणसं. मग हाच माणूस परत येतो, तशाच कंबरेएवढ्या भिंती मांडतो, सगळं ओळखीचं दिसेल असं करतो, आणि तुमच्या गुडघ्यांना रॉकेट बांधतो. मला तरी ही त्याने केलेली चेष्टा वाटते. सिगरेटचंसुद्धा तेच. भिंतीमागे बसून बटण दाबलं की सॅम हेल्मेट उघडून सिगरेट पेटवतो, दोन झुरके मारतो आणि ती जळती सिगरेट लांब फेकतो, आणि एवढे अवाढव्य रोबो तिकडे वळून बघतात! बसायचंच आहे ना, बस मग, ओढ.

एक गोष्ट मात्र मला अजून छळते, ती म्हणजे बंदुका सुधारायची पद्धत. सॅमकडे मुळात एकच शस्त्र, ते समोर पडलेल्या बंदुकीचं रूप घेतं, अशी तीन रूपं जवळ ठेवता येतात. आता मशीनगनच्या गोळ्या फुल असताना तुम्ही अजून एक मशीनगन उचलली तर ती बंदूक सुधारते. फुल असताना! म्हणजे जी बंदूक आवडते ती वापरायची नाही, जपून ठेवायची, आईच्या कपाटातल्या पैठणीसारखी, आणि लढायचं नावडत्या बंदुकीने. इतक्या उधळ्या गेममध्ये हा कंजूसपणा कुठून आला कळत नाही. मी तर सरळ सोडून दिलं, चकती मारणारी बंदूक मिळाली की वापरून मोकळा होतो, तिने रोबोंचे हातपाय सपासप तुटतात आणि त्या वेळी हिशोब कोण करतंय.

आणि लांबी. पाच-सहा तासांत संपतो. तेव्हा लोकांनी यावरून बरीच बोंब मारली होती, आणि पूर्ण पैसे मोजलेल्या माणसाची बोंब मला कळते. पण आता तिशी ओलांडल्यावर, रविवार सोडून वेळ नाही अशा अवस्थेत, मला शंभर तासांचा गेम म्हटलं की छातीत धडधडतं. हा दोन रात्रीत संपतो आणि संपल्यावर परत पहिल्यापासून लावावासा वाटतो. शिवाय शेवटी जी नावं येतात ना, तिथेही गप बसवत नाहीत, तो पण एक छोटा गेम आहे, अंतराळातून दगड येत राहतात आणि त्या दगडांवर गेम बनवणाऱ्यांचे फोटो, आणि आपण ते फोडत जायचं. कुठल्या कंपनीत असं चालेल सांगा.

गणपतीत भाऊ भेटला, आता दोन पोरांचा बाप. त्याला सगळं सांगितलं, कबड्डी, दम, मध्यरेषा. तो शांतपणे मोदक खात ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे घसरताना नेम धरायचा होता?" मी म्हणालो हो. तो म्हणाला, "दादा, हे तेव्हा सांगायचं होतंस ना, मी ती डिस्क दीडशे रुपयाला विकली."

सध्या मी टॅक्टिकल चॅलेंजमध्ये अडकलोय. मेन स्टोरीच्या बाहेर अशी सहा आहेत, रोबोंच्या लाटांवर लाटा येतात, आणि सहावं म्हणजे निव्वळ छळ आहे. काल रात्री साडेबाराला बऱ्यापैकी पुढे गेलो होतो, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या पुढे, मीटरमध्ये थोडासा दम शिल्लक, भिंत समोर दिसतेय, सरळ घसरत गेलो असतो तर पोचलो असतो. वाटेत एक रोबो एकटाच उभा दिसला आणि मी त्याला ठोसा मारला.