नुसतं बसताही येत नाही

ठाण्यातील एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मी रात्रपाळीला असताना, पहाटे चारच्या सुमारास कोलशेतच्या 62 वर्षांच्या एका गृहस्थांना त्यांच्या मुलाने रिक्षातून आणले. डोकेदुखीने आणि सतत होणाऱ्या उलट्यांनी ते हैराण झाले होते, आणि डोळे गच्च मिटून ‘सगळं फिरतंय’ एवढेच म्हणत होते. आदल्या रात्री गटारीचे मटण झाले होते. त्यामुळे पित्तच खवळले असणार, असे मुलाचे म्हणणे होते, आणि खरे सांगायचे तर माझेही मत तेच झाले.

तोंड वाकडे नव्हते, वाचा गेलेली नव्हती, दोन्ही हातांची पकड सारखीच घट्ट होती. रक्तदाब 210/110 होता, तो ओकून ओकून चढला असेल अशी मी स्वतःची समजूत घातली, उलटी थांबवणारे इंजेक्शन दिले आणि घरी सोडण्याचा कागद लिहायला घेतला.

तेवढ्यात सिस्टर त्यांना लघवीसाठी उठवू लागल्या, तर त्यांना खाटेच्या कडेला बसवेना. पुन्हा पुन्हा उजवीकडे कलंडत होते. ‘सर, यांना नुसतं बसताही येत नाही,’ सिस्टर म्हणाल्या. मग मी त्यांना उजव्या हाताने आधी स्वतःच्या नाकाला आणि नंतर माझ्या बोटाला स्पर्श करायला सांगितले, तेव्हा हात डगमगत माझ्या बोटाच्या पुढे गेला.

तोल आणि हालचालींचा मेळ सांभाळणारा लहान मेंदू शरीराच्या आपल्याच बाजूचे अवयव सावरतो आणि त्याला इजा झाली तरी स्नायूंची ताकद बहुधा शाबूत राहते, हे परीक्षेत मी अनेकदा लिहिले होते. सीटी स्कॅनमध्ये उजव्या लहान मेंदूत साडेतीन सेंटिमीटरचा पांढरा रक्तगोळा दिसला. मेंदूतील पाण्याची वाट असलेले चौथे निलय त्याने दाबले होते, आणि श्वास चालवणारा मस्तिष्कस्तंभ त्याच्या अगदी पुढ्यात होता. तीन सेंटिमीटरहून मोठा गोळा असा दाब देत असेल, तर शस्त्रक्रियेला उशीर परवडत नाही. स्कॅनवरून परत आणेपर्यंत त्यांना गुंगी येऊ लागली होती. मेंदूशल्यविशारदांनी सकाळी सहाच्या आधी डोक्याच्या मागचे हाड उघडून रक्त काढले. रक्तदाबाची गोळी वडिलांनी दोन महिन्यांपूर्वी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद केली होती, हे मुलाने नंतर सांगितले. मी विचारले असते तर आधीही सांगितले असते.

तीन महिन्यांनी ते पाय फाकवून, काठी टेकत तपासणीला आले. मुलाने पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. सिस्टरांची त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून तो मी त्यांच्या टेबलावर ठेवून दिला.