तुम्ही विचारलंत म्हणून: सरकारी वकिलीनंतर आरोपीच्या बाजूनं

‘काल ज्यांना तुरुंगात पाठवायला उभ्या राहायचात, आज त्यांच्याच वतीनं बोलता. मन खात नाही का हो, वकीलबाई?’ चतुर्थीला गोव्यातल्या डिचोलीच्या घरी गेले की माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या मांडवीखाली, बसलेलं कुणीतरी हे विचारतंच. लॉ कॉलेजातली मुलं तेच जरा आडवळणानं विचारतात. घाईत दिलेलं उत्तर कुणालाच पुरत नाही, म्हणून नीट लिहिते.

नाही, मन खात नाही. वकिलांनी कसं वागावं याचे बार कौन्सिलचे नियम आहेत. त्यातला १५वा सांगतो, आरोपीच्या अपराधाबद्दल तुमचं स्वतःचं मत काहीही असो, त्याचा बचाव निर्भयपणे करा. त्याला लागूनच १६वा सांगतो, सरकारतर्फे खटला चालवताना निर्दोषाला शिक्षा होणार नाही असा चालवा, त्याला सोडवू शकेल असा पुरावा दडपू नका. मी आधी सरकारी वकील म्हणून सोळावा पाळत होते, आता आर्थिक गुन्ह्यांतल्या आरोपींच्या बाजूनं पंधरावा पाळते. माझ्या दृष्टीनं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत.

अमेरिकेत सरकारी वकील अनेकदा तपासाच्या सुरुवातीपासून पोलिसांबरोबर असतो, आणि पुढे मोठ्या फर्ममध्ये जाऊन कंपन्यांचे बचाव करणं ही तिथली रुळलेली वाट आहे. आपल्याकडे तपास पोलिसांचा. आरोपपत्र तयार होऊन टेबलावर येतं, आणि त्यात जे आहे त्यावर आम्ही उभं राहायचं. जे नाही ते शोधायची सवय लागायला मला वेळ लागला. ती लावली खाणींनी.

सप्टेंबर २०१२मध्ये गोवा सरकारनं लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचाही बंदीचा आदेश आला. आमच्या डिचोली-सत्तरीत, तिकडे सांगे-केप्यात, खनिज वाहायला कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांचे ट्रक अंगणात उभे राहिले. हप्ते थकले, चेक परत आले. न वटलेल्या चेकसाठी कलम १३८चा रस्ता होताच, पण येणेकरी पोलीस स्टेशनवर जाऊन ४२०ची, म्हणजे फसवणुकीची तक्रारही द्यायचे. पैसे घेताना त्या ट्रकवाल्याचा धंदा जोरात चालू होता. त्याच्या मनात तेव्हा फसवायचं होतं, हे कशावरून म्हणायचं? फसवणुकीसाठी व्यवहाराच्या सुरुवातीलाच लबाडीचा हेतू असावा लागतो, नंतर वचन मोडलं म्हणून मागचा हेतू लबाड ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०००मध्ये हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात स्पष्ट केलंय. मी ते वाचलेलं होतं. पण ज्याच्या घराचा रस्ता आपल्याला ठाऊक आहे असा माणूस समोर आरोपी म्हणून उभा राहिला, तेव्हा त्या निकालाचं वजन कळलं.

खुनाच्या खटल्यात बहुधा गुन्हा घडल्याबद्दल वाद नसतो, तो कुणी केला एवढाच असतो. आर्थिक गुन्ह्यात सही कुणाची, पैसे कुठून कुठे गेले, हे कागदावर लख्ख दिसतं. मुळात गुन्हा झाला का, हाच वाद असतो. माझ्या कामाची सगळी गोडी आणि सगळी जबाबदारी इथे आहे.

आणि आरोपी नेहमी बंगलेवालाच असतो असंही नाही. एका पतसंस्थेतल्या अपहारात मी एका कारकून बाईंची बाजू घेतली. खोट्या नोंदी त्यांच्या लॉगिनवरून झाल्या होत्या, आणि आरोपपत्राचा सगळा भार त्यावरच. शाखेत पासवर्ड सगळ्यांना माहीत होते. ज्या दिवशीच्या नोंदी, त्यातल्या काही दिवशी बाई रजेवर होत्या; हजेरीपुस्तक पोलिसांनी जप्तही केलं होतं, फक्त आरोपपत्राला जोडलं नव्हतं. जप्त केलेल्या पण आधार न घेतलेल्या कागदांची यादी आरोपीला मिळाली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१मध्ये सांगितलं. ती यादी मागितली, आणि हजेरीपुस्तक तिच्यात निघालं. जप्तीच्या ढिगात काय काय पडून राहतं, हे मला सरकारी बाजूच्या वर्षांनीच शिकवलं. मुलांना मी म्हणूनच सांगते, आधी काही वर्षं सरकारी वकिली करा.

मनी लाँडरिंगच्या कायद्याबद्दल मला खरोखर काळजी वाटते. त्याच्या ४५व्या कलमाखाली, सरकारी वकिलानं विरोध केला की, आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागते, तरच जामीन. म्हणजे खटला सुरू व्हायच्या आधीच निर्दोषत्व दाखवायचं. ही अट २०१७मध्ये रद्द झाली, २०१८च्या दुरुस्तीनं परत आली आणि जुलै २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या विजय मदनलाल चौधरी निकालात टिकली. खटला वर्षानुवर्षं रखडत असेल तर नुसत्या या अटीपायी माणसाला आत ठेवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४च्या मनीष सिसोदिया निकालानं सांगितलं, तेव्हा मला हायसं वाटलं.

त्यात गोव्याची वेगळीच गुंतागुंत. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी-निम्मी. प्राप्तिकर कायद्यातही त्यासाठी वेगळं कलम आहे. घर-जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. बाहेरून आलेला तपास अधिकारी विक्रीखतावर बायकोची सही पाहतो आणि तिलाही कटात धरतो. ती बाई सांगते, ‘नोटरीनं सांगितलं, मी सही केली.’ तिचं म्हणणं अक्षरशः खरं असतं. जप्तीच्या आदेशात तिचा निम्मा हिस्सा सरसकट जातो, आणि तो वेगळा काढून मागण्यात महिने जातात. अशा बायकांची कामं मी कधी परत पाठवत नाही.

आता जो प्रश्न खरा टोचतो तो. ज्यानं खरोखर लोकांचे पैसे खाल्लेत असं मला वाटतं, त्याचं काय? त्याचंही काम मी घेते. त्याच्याविरुद्धचा इलेक्ट्रॉनिक पुरावा नव्या साक्ष अधिनियमाच्या ६३व्या कलमाखालच्या, तो कुठून-कसा मिळाला हे सांगणाऱ्या प्रमाणपत्राशिवाय आला असेल, तर मी हरकत घेणार. आज त्याच्यासाठी सैल सोडलेला नियम उद्या त्या कारकून बाईंनाही मिळणार नाही. पण त्याच्यासाठी खोटा कागद उभा करणार नाही, साक्षीदाराला निरोप धाडणार नाही, आणि जुन्या सहकाऱ्याला फोन करून ‘जरा बघा’ म्हणणार नाही. हे पहिल्याच भेटीत सांगते. काहीजण तिथूनच उठून जातात.

२०२२मध्ये जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, तेव्हापासून माझ्याकडे जुन्या पोर्तुगीज दस्तांची कामं येऊ लागली. दस्त उघडण्याआधी मी नावं पाहते. ज्या प्रकरणात मी सरकारतर्फे एकदा जरी उभी राहिले असेन, नुसता रिमांड मागितला असेल तरी, त्यात आरोपीची बाजू मला घेता येत नाही. फाईल तशीच परत करते आणि दुसऱ्या वकिलाचं नाव सुचवते.